वाऱ्याच्या खालच्या अंगाला

अमेरिका,
रविवार, १८ जानेवारी १९८७

प्रिय येसूवहिनीस,
भिवाचा सप्रेम जयभीम.

मी इकडे खुशाल आहे. बाहेर बर्फ आहे, आत भात-वरण आहे, आणि समोर तुझं पत्र आहे. तुझ्या स्वतःच्या हातचं! पाकिटावरचा पत्ता मालतीबाईंच्या अक्षरात होता, म्हणून नेहमीप्रमाणे आत त्यांचंच वळणदार अक्षर असणार असं धरून चाललो होतो. उघडलं तर ओळी उताराला लागलेल्या, अक्षरं बोरांएवढी, आणि पहिलंच वाक्य: "भिवा, मी येसू लिवते." मी ते वाक्य उभ्याउभ्या वाचलं आणि मग खाली बसलो.

आजवर तुझी पत्रं मालतीबाई लिहायच्या आणि माझी त्याच तुला वाचून दाखवायच्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांच्या पडवीतल्या रात्रीच्या वर्गातच तू अक्षरं गिरवलीस, हेही मला कळलं. पण खरं सांगू का? बाईंच्या आवाजात तू मला ऐकणार, या विचारानं मी कायम शाळेतल्या निबंधासारखं लिहायचो. "येथील हवा थंड आहे. प्रकृतीस जपावे." तुलाही ते ऐकताना जांभई येत असेल. आता मध्ये कुणी नाही. म्हणून अक्षर मोठं काढतोय आणि एकेक ओळ सोडून लिहितोय. एखादा शब्द अडला तर बाईंना विचार, पण तेवढा शब्दच दाखव, सगळं पत्र दाखवू नको.

तुझं पत्र मला आता पाठ झालंय. "मी बरी हाय. खोकला हाय जरा. सखाराम खोपोलीहून एक मानूस घेऊन आला होता, मुंबईचा. बंगल्याला जागा बघतो. तुझ्या दादाच्या मागं एकलीला शेत व्हईल का, आसं समदी म्हनतात. राब भाजू का शेत देऊ, ते कळीव. राब मला येतो पेटवायला. तुझा दादा गेला म्हनून काय आडलं नाय."

सखारामभाऊ तुझा सख्खा भाऊ, तो तुझं वाईट चिंतणार नाही, हे मला माहीत आहे. त्याच्यावर रागावू नको. तू विचारलंस त्याचं उत्तर मी देणार आहे, याच पत्रात. पण आधी माझ्या कामाचं सांगू दे. उत्तराचा रस्ता तिकडूनच जातो. आणि शिवाय, उत्तर द्यायला जीव धजत नाही, हेही आहेच.

आपल्या भिसेगावात म्हणे सगळे सांगतात की भिवा अमेरिकेत बसून पाऊस सांगतो. वहिनी, मला पाऊस सांगता येत नाही. उद्या पेरण्या फसल्या तर लोक तुझ्या दारात येतील, म्हणून आत्ताच सांगून ठेव. मी धूर बघतो. धूर आणि धूळ. हवेत तरंगणारं, डोळ्याला नीट न दिसणारं जे काही बारीक असतं, ते. एवढं शिकून शेवटी धूरच फुंकतोय, म्हण हवं तर.

इथे एक भलंमोठं गणिती यंत्र आहे. त्यात आकड्यांची एक पृथ्वी केलेली आहे. तिच्यात वारे वाहतात, ऊन पडतं, वाळवंटातली धूळ उठते, कुठे काही जाळलं तर धूर निघतो आणि वाऱ्याबरोबर जातो. आणि वर आकाशात एक उपग्रह फिरत असतो, तो खऱ्या पृथ्वीकडे बघतो. यंत्राचा धूर आणि उपग्रहाला दिसलेला धूर शेजारी शेजारी मांडायचा, कुठे जुळतं, कुठे जुळत नाही आणि का जुळत नाही ते शोधायचं, हे माझं काम. तू भात टाकतेस तेव्हा पाणी अंदाजानं घालतेस, मग शीत काढून दाबून बघतेस. यंत्र म्हणजे तुझा अंदाज आणि उपग्रह म्हणजे ते शीत. शितावरून भाताची परीक्षा, एवढंच मी करतो आणि त्याचा मला पगार मिळतो.

एक गंमत सांगतो. या उपग्रहाला जमिनीवरचा धूर नीट ओळखता येत नाही, समुद्रावरचाच येतो. पांढरं पीठ परातीत सांडलं तर चटकन दिसत नाही, काळ्या तव्यावर पडलं की लगेच दिसतं, तसंच. समुद्र वरून काळा दिसतो. म्हणून आपल्याकडचा धूर रात्रीच्या वाऱ्यानं अलिबागच्या पलीकडे समुद्रावर गेला, की मग तो आमच्या तावडीत सापडतो.

तर झालं असं, की आपल्या किनाऱ्यासमोरच्या समुद्रावर बाकीचे महिने बऱ्यापैकी जुळत होते, पण मार्च-एप्रिल काही केल्या जुळेना. उपग्रहाला पांढरट पट्टा दिसायचा, यंत्राचा समुद्र मात्र स्वच्छ. आमचे प्रमुख म्हातारे आहेत, फार सज्जन, मला इंग्रजी कळावं म्हणून स्वतःच हळू बोलतात. ते म्हणाले, उन्हाची पाण्यावरची चमक असेल, उपग्रह फसला असेल. मलाही पटलं. मग गेल्या पानगळीत एका दुपारी शेजारच्यानं आवारातला पालापाचोळा पेटवला. ओलसर पाला, वर माती. तो धूर खिडकीतून आत आला आणि मी हातातलं काम टाकून बाहेर धावलो. शेजाऱ्याला वाटलं मी भांडायला आलोय. मी नुसता उभा राहून वास घेत होतो.

राब! कर्जत, खालापूर, पार ठाण्यापर्यंत, भाताचं रोप टाकायच्या आधी त्या तुकड्यावर शेण-पाला रचून जो तो राब भाजतो, आणि नेमका त्याच दिवसांत. यंत्राला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्याच्या पृथ्वीवर आपल्याकडे कुणी काही जाळतच नव्हतं.

प्रमुखांना सांगितलं. ते खूश झाले, म्हणाले, घाल तुझा राब यंत्रात. मी घातला. आणि वहिनी, शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या तुझ्या भिवानं काय केलं असेल? सगळ्या भातजमिनीवर राब लावला! रोप टाकायचा तुकडा केवढा आणि लावणीचं शेत केवढं, हे तुझ्या शेळ्यांनाही कळतं. दुसऱ्या दिवशी बघतो तर यंत्रातलं कोकण धुरात गडप, माथेरानसकट. प्रमुखांनी चष्मा काढून विचारलं, "तुमच्याकडची माणसं श्वास कसा घेतात?" दादा असता तर म्हणाला असता, "शिकून शिकून येडा झाला गं ह्यो."

माथेरानवरून आठवलं. मी तिसरीत असेन. दादा दर उन्हाळ्यात वर हॉटेलात पाणी भरायला जायचा, राब झाला की जायचा आणि पावसाच्या तोंडाला उतरायचा. त्या वर्षी कामाचं बोलून ठेवायला तो आधीच निघाला आणि मी मागे लागलो. पायवाटेनं चढून गेलो. मला घोडा बघायचा होता, त्यानं मला एका कड्यावर नेऊन उभं केलं. खाली सगळा आपला मुलूख. जिथे तिथे राब पेटलेले, धुराच्या बारीक बारीक रेघा वर येत होत्या आणि मग सगळ्यांची मिळून एक चादर होत होती. मी विचारलं, "आपला कुटला रं दादा?" त्यानं जराही न अडखळता बोट दाखवलं, "त्यो बग. वाकडा जातोय ना, त्यो आपला." घरी येऊन मी तुला ऐटीत सांगितलं, तर तू पोट धरून हसलीस. "आरं, आपला तर पेटवलाच नाय आजून!" दादा अंगणात हात-पाय धूत होता, तोही हसला, पण मान्य केलं नाही.

वरून बघायचं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. इथल्या मोठमोठ्या लोकांनी मला पुढचं शिकवलं, पण श्रीगणेशा तिथला.

आता हात दुखायला लागला. बाकीचं नंतर लिहितो.

बुधवार

वहिनी, हात दुखत नव्हता. पुढचं लिहवत नव्हतं.

तीन दिवस पाकीट टेबलावर पडून आहे. आज सकाळी ठरवलं, आता टाळायचं नाही. तू एवढ्या मोठ्या वयात पाटी हातात घेतलीस, तर मला दोन पानं लिहायला काय झालं?

यंत्राच्या पृथ्वीवर दर वर्षी तोच एप्रिल येतो. उपग्रहाचा मात्र दर वर्षी निराळा असतो, आणि एकदाच येतो. मला गेल्या दोन-तीन वर्षांचे महिने यंत्राशी जुळवून लावायचे होते. मी सगळे लावले, एक सोडून. गेल्या वर्षीचा एप्रिल मी बाजूला ठेवत आलो. आज हे काम आहे, उद्या ते काम आहे, अशा सबबी सांगत राहिलो. प्रमुखांनी दोनदा विचारलं. त्यांना काय सांगणार? की त्या महिन्यात माझा भाऊ गेला?

इथे मी ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मी खोली बदलली होती, त्यामुळे तार जुन्या पत्त्यावर पडून राहिली आणि हातात आली तेव्हा तिकडे सगळं आटोपलेलं होतं. मग मालतीबाईंच्या अक्षरातलं तुझं पत्र आलं. राब भाजून घरी आला, आंघोळ केली, छातीत दुखतंय म्हणाला आणि दवाखान्यात न्यायच्या आतच गेला. जयंतीसाठी इस्त्री करून ठेवलेला पांढरा सदरा त्याच्या अंगावर घातला, असं तू लिहायला सांगितलं होतंस. जयंतीच्या आधी राब झालाच पाहिजे, मिरवणुकीत अंगाला धुराचा वास नको, हा त्याचा दर वर्षीचा हट्ट. मी त्या पत्राला काय उत्तर दिलं, आठवतं? "दुःखद वार्ता समजली. धीर धरावा." वहिनी, दादासाठी मी हे लिहिलं! बाई वाचणार होत्या ना.

आता तुला सांगतो. मला दादाची फार आठवण येते. दुकानात मिरच्या बघितल्या तरी येते. आई-बाप गेलेल्या एवढ्याशा पोराला तुम्ही दोघांनी पदरात घेतलंत, कधी दीर-भावजयीच्या भाषेत बोलला नाहीत की कधी ऐकवलं नाहीत. तुम्हाला मूल झालं नाही, तर लोक म्हणायचे, या पोरापायी ह्यो दुसरी बायको करत नाही. तू त्यांना काय उत्तर द्यायचीस ते मी भिंतीआडून ऐकलंय. "आमाला हाय की भिवा." आयुष्यात मला जे मिळालं ते त्या चार शब्दांवर उभं आहे. तुमच्यापुढे हे कधी बोललो नाही, कारण आपल्या घरात असलं बोलायची पद्धतच नव्हती. दादाला सांगायचं राहिलं. तुला सांगून ठेवतो.

शेवटी गेल्या आठवड्यात मी तो एप्रिल लावला. प्रमुख शेजारी बसले होते. समुद्रावर पट्टा होता, इतर वर्षांसारखाच. राब नीट मोजून घातल्यापासून यंत्राचाही बराचसा तसा येतो. अजून फरक आहे, वीटभट्ट्या आहेत, खोपोलीचे कारखाने आहेत, सगळंच काही आपल्या राबावर ढकलता येणार नाही. प्रमुखांनी विचारलं, राब भडकून जळतो का धुमसत? कारण धुमसलं तर धूर जास्त. मी म्हटलं, धुमसतो, मुद्दाम धुमसवतात. आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. हा तुकडा. खाली शेण, त्यावर तोडलेल्या फांद्यांचा टहाळ, त्यावर वाळल्या पानांचा पातेरा, वर माती. वारा असा इकडून येतो, बाण काढला. आणि पेटवायचं कुठून, तर वाऱ्याच्या खालच्या अंगानं, म्हणजे आग वाऱ्याच्या उलटी हळूहळू सरकते आणि जमीन नीट भाजते. वरच्या अंगानं पेटवलं तर भडका उडून वरवर जळून जातं. हे तुला मी काय सांगावं!

तर प्रमुखांनी सहज विचारलं, "आणि पेटवणारा माणूस कुठे उभा राहतो?"

मी पेन्सिलीनं ठिपका दिला. खालच्या अंगाला.

"मग सगळा धूर त्याच्यावरच जाणार," ते म्हणाले.

मी म्हटलं, हो.

"तू कुठे असायचास?"

मी बाणाच्या मागे दोन ठिपके दिले, करंजाच्या झाडाखाली. एक तुझा, एक माझा.

वहिनी, लोकांना धुराच्या गोष्टी सांगण्यात माझी इतकी वर्षं गेली. राबाचा वास मला झोपेतसुद्धा ओळखू येतो. पण राबाच्या धुरानं माझे डोळे कधी चुरचुरले, मला खोकला आला, असं एकदाही आठवत नाही. ते कसं, हा प्रश्नच मला कधी पडला नाही. ठिपके दिले तेव्हा पडला. दादा आधी हातात माती घेऊन सोडून बघायचा, वारा कुठला ते ठरवायचा आणि मग आपल्याला सांगायचा, "वरच्या अंगाला बसा रं तुमी." आपण करंजाखाली भाकरीचं फडकं सोडून बसायचो. तो काडी लावायला पलीकडे जायचा आणि धुरात दिसेनासा व्हायचा. थोड्या वेळानं धुरातूनच त्याचा आवाज यायचा, "धूर लागतो का रं तिकडं?"

मी ओरडायचो, "नाय!"

दर वर्षी त्यानं विचारलं. आपण उलटून त्याला कधी विचारलं का गं?

तो धुरानं गेला, असं मी म्हणत नाही. डॉक्टर हृदय म्हणाले, ते खरं असेल. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, असं मला इथे शिकवलंय. पण तो ठिपका माझ्याच हातानं दिलाय आणि तो मला पुसता येत नाही. त्या दिवशी प्रमुखांना सगळं सांगितलं. ते उठून दोघांसाठी कॉफी घेऊन आले. मग पडद्यावरच्या त्या पांढरट पट्ट्याकडे बघत बसलो. त्यात कर्जत ओळखू येत नाही. सगळ्या कोकणाचा मिळून एक धूर, त्यात दादाचा शेवटचा राब कुठेतरी आहे. आपला कुठला? मी पडद्यावर बोट ठेवलं. हा आपला. दादाला चालत होतं, मग मलाही चालेल.

आणि नेमकं त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं. "खोकला हाय जरा. राब मला येतो पेटवायला."

तर आता उत्तर. नीट वाच, अडखळलीस तर परत वाच.

शेत यंदा कुणाला देऊ नको. सखारामभाऊला सांग, भिवा येतोय, त्याच्याशी बोल. पुढे ठेवायचं का द्यायचं ते मी इथे बसून सांगणार नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ आहेत, मी तर उपग्रहावरून हाकेन. शेत तुझ्या घामाचं आहे. तुला नको झालं असेल तर मुकाट्यानं सही करीन. पण माझी वाट बघणं सोडून दिलंस म्हणून देणार असशील, तर तसं करू नको. मी आहे. आपण बांधावर बसून ठरवू.

मार्च संपता संपता मी पोचतो. प्रमुखांनी रजा दिली, वर एक काम लावलंय, एका राबात किती भारे जातात ते मोजून आण म्हणाले. गावात खुशाल सांग की भिवा अमेरिकेतून राब मोजायला येतोय. हसू देत. जयंतीलाही मी असेन. दादाचा दुसरा पांढरा सदरा मला होतो का बघू.

तोवर शेजारच्या पोशाला मदतीला घे आणि राब रचून ठेव. शेण, टहाळ, पातेरा, माती. सगळं कर, फक्त पेटवू नको. तुला येतं, ते मला माहीत आहे. तुला सगळंच येतं, आता लिहितासुद्धा येतं. तरी माझी वाट बघ.

मी माती सोडून वारा बघीन. तू भाकरी घेऊन करंजाखाली बस, आणि धुरात मी दिसेनासा झालो की मोठ्यानं विचार, "धूर लागतो का रं?" लागत असेल तर मी खरं सांगेन. आणि यंदा धूर विरला की करंजाखालून पाण्याचा तांब्या घेऊन ये.

दादाच्या ठिपक्यावर उभा राहायला येणारा,

तुझा
भिवा